रोमरबर्गच्या चौकात

माइन नदीच्या काठी वसलेल्या फ्रँकफर्ट शहरात पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाला प्रथम दिसतात त्या काचेच्या आणि पोलादाच्या गगनचुंबी इमारती. युरोपची मध्यवर्ती बँक ह्याच शहरात आहे आणि जर्मनीतील कित्येक मोठ्या बँकांच्या मुख्य कचेऱ्याही येथेच आहेत. हे शहर केवळ व्यापाऱ्यांचे आणि हिशेबनिसांचे असावे, असा कोणाचाही समज व्हावा. परंतु त्या उंच इमारतींच्या छायेतून पूर्वेकडे थोडा वेळ चालत गेले, की पायांखाली दगडी फरसबंदी येते आणि एका वळणावर अकस्मात एक जुना चौक समोर येतो. हाच रोमरबर्ग. फ्रँकफर्टचे नगरगृह सहाशेहून अधिक वर्षे ह्याच चौकात आहे.

नोकरीच्या निमित्ताने माझी पुतणी ह्या शहरात राहते. तिच्याकडे पाहुणा म्हणून गेलो असताना शरद ऋतूतील एका सकाळी आम्ही दोघे हा चौक पाहावयास निघालो. हवेत गारठा होता, पण ऊन स्वच्छ पडले होते. चौकाला नदीच्या दिशेने किंचित उतार आहे. पश्चिमेस नगरगृह, त्याच्या दर्शनी भागावर पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळती होत गेलेली तीन शिखरे. दक्षिणेस संत निकोलसचे लहानसे जुने प्रार्थनामंदिर. मधोमध कारंजे, आणि त्यावर हाती तराजू व तलवार घेतलेली न्यायदेवता. पूर्वेच्या बाजूस सहा उंच, चिंचोळी घरे एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. काळपट लाकडांचा उभाआडवा सांगाडा, मध्ये पांढऱ्या भिंती, वर उतरत्या छपरांचे तीव्र कोन. परीकथांच्या पुस्तकातील चित्र कोणी उचलून येथे ठेवले असावे, असे ते दृश्य होते.

मी बराच वेळ त्या घरांकडे पाहत राहिलो. नकळत माझ्या तोंडून उद्गार निघाले, “ह्या लोकांनी आपलं जुनं किती जपून ठेवलंय बघ!”

पुतणी हसली. म्हणाली, “काका, तुम्ही ज्या घरांकडे बघताय ना, ती माझ्याहून जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठी आहेत.”

माझा मोठाच विरस झाला. त्याला एक घरगुती कारण होते. नाशिकला आमचा वडिलोपार्जित वाडा होता. काही वर्षांपूर्वी तो पाडला गेला व त्या जागी आता सदनिकांची इमारत उभी आहे. वाडा पाडण्याच्या कागदावर इतर भावांच्या सह्यांबरोबर माझीही सही आहे. तेव्हापासून कोठेही जुने घर जपलेले दिसले, की मला त्या घराच्या माणसांचा हेवा वाटतो. येथे मात्र ज्यांचा हेवा वाटला, ती घरेच नवी निघाली. मग हा चौक खरा की खोटा, असा प्रश्न मला पडला आणि दिवसभर तो माझ्या सोबत राहिला.

ह्या चौकाचा इतिहास मात्र अगदी खरा आहे. १४०५ साली फ्रँकफर्टच्या नगरसभेने ‘रोमर’ नावाचे घर व त्याला लागून असलेले दुसरे एक घर विकत घेऊन तेथे आपले नगरगृह थाटले. पुढे शेजारची घरे त्यास जोडली गेली. त्या काळी येथील घरे क्रमांकांनी नव्हे, तर नावांनी ओळखली जात. समोरच्या सहा घरांतही एक ‘मोठा देवदूत’ आहे आणि एक ‘रानटी माणूस’ आहे. आपल्याकडील वाडे जसे घराण्याच्या नावाने ओळखले जात, तसाच हा प्रकार.

१३५६ साली निघालेल्या शाही फर्मानाने जर्मन राजाची निवड फ्रँकफर्ट येथे व्हावी, असे ठरले होते. १५६२ पासून राज्याभिषेकही बहुधा येथेच होऊ लागले. मुख्य मंदिरात मुकुट धारण करून नवा सम्राट मिरवणुकीने ह्या चौकात येई आणि नगरगृहातील दालनात मेजवानी झडे. बाहेर चौकात लोकांसाठी अख्खा बैल भाजला जाई व कारंज्यातून पाण्याऐवजी मद्य वाहे. १७६४ सालचा असा एक सोहळा येथील एका चौदा वर्षांच्या मुलाने डोळे भरून पाहिला आणि म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात त्याचे वर्णन केले. तो मुलगा म्हणजे महाकवी गटे. १७९२ साली अखेरचा राज्याभिषेक झाला. नगरगृहातील त्या दालनात आज ५२ सम्राटांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. पहिला शार्लमेन आणि शेवटचा दुसरा फ्रान्झ.

मग हे सारे गेले कोठे? त्याचे उत्तर १९४४ च्या मार्च महिन्यात आहे. दुसरे महायुद्ध चालू होते. त्या महिन्यात ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी फ्रँकफर्टवर एकापाठोपाठ एक हल्ले केले. २२ मार्चच्या रात्री जुन्या शहरावर आगीचा पाऊस पडला. शतकानुशतके वाळलेले लाकूड, अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना भिडलेली छपरे. आगीला आणखी काय हवे? एका रात्रीत एक हजाराच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. जुन्या शहरातील सुमारे साडेबाराशे लाकडी सांगाड्यांच्या घरांपैकी जवळजवळ सर्व नष्ट झाली. नगरगृहही जळून त्याची मोठी हानी झाली.

चौकातून नदीकडे उतरताना कोपऱ्यावर एक घर लागते. त्याचे नाव वेर्टहाइम. इ. स. १६०० च्या सुमारास बांधलेले हे घर मात्र त्या रात्रीतून वाचले. ते दैवयोगाने वाचले नाही. जळत्या शहरातून नदीकडे पळून जाण्याची वाट ह्या घराजवळून होती. ती वाट मोकळी राहावी म्हणून अग्निशामक दलाच्या माणसांनी तेथे पाण्याच्या फवाऱ्यांचा अखंड पडदा धरला. युद्धाच्या काळात जुन्या घरांची तळघरे भिंती फोडून एकमेकांना जोडून ठेवलेली होती. त्या भुयारी वाटांनी सरपटत येऊन शेकडो माणसे चौकातील कारंज्याजवळ बाहेर पडली व नदीकाठ गाठून वाचली. ते जुने घर पाहताना माझ्या मनात आले, की येथे माणसे वाचविण्याचा प्रयत्न झाला आणि त्या पुण्याईने एक घरही वाचले.

युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त झालेल्या ह्या शहरात मोठा वाद माजला. जे गेले ते पुन्हा जसेच्या तसे बांधावे काय? वादाचे केंद्र होते गटेचे जन्मघर. हे घर चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि आदल्याच दिवशी आम्ही ते पाहिले होते. तेही १९४४ च्या २२ मार्चलाच भस्मसात झाले. गटेचा मृत्यू १८३२ सालचा, तारीख तीच, २२ मार्च. घरातील सामान अगोदरच सुरक्षित जागी हलविले होते, म्हणून घर पूर्वीसारखेच बांधावे असे पुष्कळांचे म्हणणे होते. वाल्टर डिर्क्स नावाच्या लेखकाने १९४७ साली त्यास कडाडून विरोध केला. त्याचे म्हणणे असे, की जर्मन लोकांनी गटेच्या विचारांकडे पाठ फिरवली नसती, तर हे घर जळलेच नसते. ते जळून गेले ह्यात एक कठोर सत्य आहे. त्या सत्यावर नवी भिंत बांधून ते झाकू नये. अखेर घर बांधले गेले आणि १९५१ साली पुरे झाले.

भारतीय प्रवाशाने हे घर पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १७९१ साली गेओर्ग फोर्स्टरने कालिदासाचे ‘शाकुंतल’ जर्मन भाषेत आणले. ते वाचून गटे मुग्ध झाला. त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या आरंभी रंगभूमीवरील जो प्रवेश आहे, त्याची कल्पना संस्कृत नाटकातील सूत्रधाराच्या प्रस्तावनेवरून सुचली, असे मानले जाते. परक्या देशाचे पुस्तक माथ्यावर घेणाऱ्या माणसाचे हे गाव आहे, हे लक्षात असले म्हणजे पुढे जे सांगावयाचे आहे ते अधिकच सलते.

चौकाची पूर्व बाजू युद्धानंतर कितीतरी वर्षे रिकामीच होती. १९८१ ते १९८४ ह्या काळात जुन्या चित्रांवरून व नकाशांवरून ती सहा घरे पुन्हा उभारण्यात आली. त्यांच्या मागे १९७४ साली पुरी झालेली काँक्रीटची एक अवाढव्य सरकारी कचेरी होती. लोकांना ती कधीच आवडली नाही. ती पाडून त्या जागी चौकापासून मुख्य मंदिरापर्यंतचा जुना भाग नव्याने वसविण्यात आला. ३५ घरे बांधली गेली. त्यांपैकी १५ जुन्या घरांच्या प्रतिकृती आणि २० नव्या धर्तीची, पण जुन्यांशी जुळवून घेणारी. २०१८ साली ह्या गल्ल्या लोकांसाठी खुल्या झाल्या.

त्या गल्ल्यांतून आम्ही मंदिरापर्यंत गेलो. वाटेत ‘सोनेरी तराजू’ नावाचे देखणे घर लागले. मूळ घर १६१९ च्या सुमारास आब्राहाम व्हान हामेल ह्या मिठाई व मसाल्यांच्या व्यापाऱ्याने बांधले. धर्माच्या पायी आजच्या बेल्जियममधील आपले गाव सोडून आलेला तो निर्वासित होता. काही भिंतींत मधूनच एखादा झिजलेला, काळवंडलेला कोरीव दगड बसविलेला दिसे. ढिगाऱ्यांतून निघालेले असे दगड लोकांनी वर्षानुवर्षे सांभाळून ठेवले होते. ते नव्या भिंतींत परत आपल्या गावी आले.

चौकाच्या दक्षिणेस शहराचे ऐतिहासिक संग्रहालय आहे. तेथे जुन्या शहराची एक भलीमोठी लाकडी प्रतिकृती ठेवली आहे. ट्रॉयनर बंधूंनी १९२० नंतरच्या दशकात ती करावयास घेतली. शहर जळून गेल्यावरही ते काम थांबले नाही. प्रत्येक घर, प्रत्येक छप्पर, प्रत्येक गल्ली आठवून आठवून केलेली. ती पाहताना मला आमच्या वाड्याची आठवण झाली. त्याची चार-दोन छायाचित्रे आहेत, दिंडीदरवाजाची एक पितळी कडी माझ्या कपाटात आहे, बस्स, एवढेच.

“मग काका, तुमचं काय मत?” पुतणीने विचारले. “हे खरं की खोटं?”

मी म्हणालो, “घर नवं आहे हे कोणी लपवत नसेल, तर त्याला खोटं कसं म्हणायचं?”

“घराचं ठीक आहे,” ती म्हणाली. “पण त्या घरांनी काय पाहिलं, ते सांगितलं नाही तर?” आणि ती मला परत चौकात घेऊन आली.

कारंज्यावरील न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही, हे मी तोवर नीट पाहिलेच नव्हते. ही मूर्ती उघड्या डोळ्यांनी थेट नगरगृहाकडे पाहते. मूळची दगडी मूर्ती १६११ सालची. आजची कांस्याची मूर्ती १८८७ मध्ये बसविली गेली. तिच्यापासून थोड्याच पावलांवर पुतणी थांबली आणि तिने जमिनीकडे बोट केले. फरसबंदीत एक गोल कांस्य तबकडी बसविलेली होती. सकाळी मी वर घरांकडे पाहत तिच्या अगदी जवळून गेलो होतो.

१० मे १९३३. हिटलर सत्तेवर येऊन चार महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी जर्मनीतील अनेक विद्यापीठांच्या नगरांत पुस्तकांच्या होळ्या पेटविल्या गेल्या, आणि फ्रँकफर्टची होळी ह्या चौकात पेटली. पुस्तके विद्यापीठातून शेणखताच्या गाडीत घालून आणण्यात आली. गाडीला बैल जुंपले होते. ज्या चौकात राज्याभिषेकाच्या दिवशी बैल भाजून लोकांना जेवू घातले जाई, तेथेच बैलगाडीतून ज्ञान आणून जाळण्यात आले. आणि ते जाळणारे अडाणी लोक नव्हते. ते विद्यार्थी होते. त्यांच्यासोबत अध्यापकही होते. ज्यांची पुस्तके जाळली त्यांत हाइनरिश हाइने हा कवीही होता. तबकडीवर त्याच्याच एका नाटकातील उद्गार कोरले आहेत. पुस्तके जाळणाऱ्यांचे हात तेथेच थांबत नाहीत, हा इशारा त्याने त्या होळीच्या शंभर वर्षे आधी देऊन ठेवला होता. ही तबकडी २००१ साली बसविण्यात आली. समोरची सुंदर घरे त्यापूर्वीच उभी राहिली होती. घरांची आठवण आधी झाली. पापाची कबुली पायांखाली यावयास अधिक काळ लागला.

चौकाच्या उत्तरेस दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर संत पॉलचे गोल आकाराचे मंदिर आहे. १८४८ साली सर्व जर्मन प्रदेशांतून निवडून आलेले पहिले लोकप्रतिनिधिमंडळ येथेच भरले होते. १९४४ साली तेही जळाले आणि १९४८ च्या मे महिन्यात, शताब्दीच्या दिवशी, अगदी साध्या स्वरूपात पुन्हा उघडले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्याच सभागृहात युद्धोत्तर काळातील पहिला फ्रँकफर्ट ग्रंथमेळा भरला. होळीला तेव्हा सोळाच वर्षे झाली होती. तो मेळा आज जगातील सर्वांत मोठा मानला जातो. १९८६ व २००६ साली भारत तेथे सन्माननीय अतिथी होता. जर्मन ग्रंथव्यवसायाचे शांतता पारितोषिकही दरवर्षी ह्याच मंदिरात दिले जाते. १९६१ साली ते डॉ. राधाकृष्णन ह्यांना आणि २०२० साली डॉ. अमर्त्य सेन ह्यांना मिळाले. पुस्तकांची राख जेथे उडाली, त्याच्या हाकेच्या अंतरावर आपल्या देशातील एका तत्त्वज्ञाचा गौरव व्हावा, ह्याचे मला समाधान वाटले.

परंतु पुतणीला मला आणखी एक जागा दाखवावयाची होती. दुपारी आम्ही पुन्हा मुख्य मंदिरावरून पूर्वेकडे चालत गेलो. तेथे ज्यू लोकांची जुनी दफनभूमी आहे. तिच्याभोवतीच्या भिंतीच्या बाहेरील अंगास पोलादाचे लहान लहान ठोकळे ओळीने बसविले आहेत. प्रत्येकावर एक नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि स्थळ. असे ठोकळे अकरा हजारांहून अधिक आहेत. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या ह्या शहरातील ज्यू नागरिकांची ती नावे. अ‍ॅन फ्रँकही त्यांत आहे. तिचा जन्म १९२९ साली ह्याच शहरात झाला होता. येणारे लोक ठोकळ्यांवर लहानसा खडा ठेवून जातात. मृतांच्या स्मरणार्थ खडा ठेवण्याची ज्यू लोकांची रीत आहे. आम्हीही एकेक खडा ठेवला. भिंत लांबच लांब होती. चौकात माणसांची गर्दी होती. येथे आम्ही दोघे आणि एक वृद्ध गृहस्थ, एवढेच होतो.

परत फिरताना माझा सकाळचा प्रश्न आपोआप सुटला. रोमरबर्गची घरे नवी असली, तरी तो चौक मला आता खोटा वाटेना. नुसती घरे बांधून शहर थांबले असते, तर तो खोटा झाला असता. गोजिरवाण्या घरांसमोर, जेथे हजारो प्रवासी छायाचित्रे काढतात, तेथे त्या शहराने आपल्या लाजेची खूणही जमिनीत पक्की बसविली. वैभव आणि अपराध दोन्हींचा वारसा एकाच फरसबंदीवर मांडला. ज्याला पाहावयाचे असेल त्याने मान थोडी खाली करावी.

पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही आपल्या वाड्याबद्दल मुलांसाठी काहीतरी लिहून ठेवणार होतात ना? झालं का लिहून?”

ते लिखाण मी अर्धेअधिक पुरे केले होते. त्यात चौकातील तुळशीवृंदावन होते, सागवानी खांब होते, गणपतीची आरास होती, आजीच्या हातच्या पुरणपोळ्या होत्या. वाड्यातील विहिरीचे गोड पाणी होते. पण त्या विहिरीविषयी आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, ती मी लिहिली नव्हती. दिंडीदरवाजाबाहेर एक दगडी कट्टा होता. उन्हाळ्यात पाण्यासाठी येणाऱ्या काही बायका त्या कट्ट्यापलीकडे थांबत. त्यांना आत येण्याची मुभा नव्हती. कोणीतरी आतून घागर भरून आणी आणि त्यांच्या मडक्यांत वरून, अंतर राखून पाणी ओती. कधीकधी त्या तासन् तास बसून राहत. लहानपणी मी हे रोज पाहत असे आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटतही नसे. त्या भिंतीवरील नावांशी ह्याची तुलना करता यावयाची नाही, आणि मी करीतही नाही. परंतु आपल्या घराचे गोड तेवढे सांगावे आणि कडू ते गिळून टाकावे, हा मोह सगळीकडे सारखाच असतो.

“अर्धं झालंय,” मी म्हणालो. “उरलेलं आता घरी गेल्यावर लिहीन.”

भारतात परत आल्यावर मी ते लिखाण पुन्हा हाती घेतले. तुळशीवृंदावन आणि पुरणपोळ्या तशाच राहू दिल्या. कारण त्याही खऱ्याच होत्या. मात्र दिंडीदरवाजापाशी आल्यावर तो कट्टा लिहिला, आणि त्यावर बसलेल्या, तहानलेल्या बायकाही लिहिल्या. त्यांची नावे मात्र मला लिहिता आली नाहीत. लहानपणी कोणी ती मला सांगितली नव्हती, आणि मीही कधी विचारली नव्हती.